नुरा कुस्ती, दोन गदा आणि बाजाराचे इनाम

व्यापार-उद्योगाच्या पानावर कुस्तीचे काय काम, असे काही वाचक विचारतील. काम आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जत्रा-उरुसांचा हंगाम जवळ आला की गावकमिटीची माणसे पावतीपुस्तक घेऊन प्रथम कोणाच्या दुकानाची पायरी चढतात? कापडवाला, किराणावाला, भांडीवाला, अडत्या, मटणाचा दुकानदार, गॅरेजवाला. मैदानाच्या पोस्टरवर एक नंबरच्या कुस्तीचे इनाम एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा कारखान्याच्या संचालकाच्या नावे असते. खालच्या जोडांपासून लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपर्यंतचा पैसा मात्र बाजारातून गोळा होतो. आम्ही कापडवाले तर दोन्हीकडून गुंतलेलो. वर्गणी देतो आणि पाहुण्यांच्या सत्काराच्या फेट्यांचे कापडही विकतो. ज्या सौद्यात आमचा पैसा लागतो, त्यात माल कसा मिळाला हे विचारण्याचा हक्क आम्हास आहे.

मालाचे वर्णन पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापलेले असते : 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान.' निकाली म्हणजे एकाची पाठ मातीला लागणार आणि दुसऱ्याचा हात पंच वर करणार. पण गेली काही वर्षे आम्ही बावडा, निमगाव केतकी, लासुर्णे, सणसर या बाजूची मैदाने पाहत आलो आहोत आणि वरच्या नंबरच्या कुस्त्यांत निकाल हीच दुर्मीळ चीज होत चालली आहे. कुस्ती लागते, हलगी वाजते, दोघे हाताला हात लावतात, मानेवर मान ठेवतात, रेटारेटी करत आखाड्याच्या कडेला जातात, पंच त्यांना पुन्हा मध्ये आणतो. वीस मिनिटे जातात. हलगीवाला थकतो. शेवटी माइकवरून पुकारा होतो की दोन्ही पैलवान तोडीस तोड असल्याने कुस्ती बरोबरीत सोडविण्यात येत आहे. लोक उठून पायताण शोधू लागतात.

यास आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दू वर्तमानपत्रांतही राजकारणातल्या खोट्या भांडणास 'नूरा कुश्ती' हाच शब्द वापरतात. म्हणजे रोग जुना आहे आणि सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस आहे. नुरा दोन प्रकारची. एकीत दोघे ठरवून बरोबरी करतात आणि इनाम वाटून घेतात. दुसरीत एक जण ठरवून पडतो. दुसरी लवकर ओळखू येते, कारण मातीत आयुष्य गेलेला म्हातारा वस्ताद पाठ कशी टेकली हे पाहून सांगतो की पोरगा पडला की झोपला. पहिली ओळखणे कठीण, आणि म्हणून तीच जास्त चालते. अर्थात प्रत्येक बरोबरी नुरा असते असे नव्हे. खरोखर तोडीस तोड जोड असू शकतो, आणि तशी कुस्ती तासभर चालली तरी माणूस जागचा हलत नाही. बघणाऱ्यास फरक कळतो.

आता पैलवानाची बाजू. आमच्या दुकानी लंगोटासाठी जाड सुती कापड न्यायला तालमीतली पोरे येतात. त्यांतल्या एकास आम्ही सरळ विचारले की बाबा, इतका खुराक खाऊन तू त्या दिवशी नुसता उभा का राहिलास? तो हसला आणि म्हणाला, "चाचा, त्या आठवड्यात तीन मैदानं हुती. पहिल्यातच खांदा निखळला आस्ता तर पुढची दोन कुणी दिली आस्ती? आन् पडलो तर पुढच्या साली कमिटी चार नंबरला घालती. बरोबरी केली तर निम्मं पैसं आन् नाव दोन्ही ऱ्हातंय." आम्ही म्हटले, "आणि आम्ही वर्गणी कशाची दिली?" त्यावर त्याने कापडाचा भाव विचारला.

या पोराच्या हिशेबात आम्हास चूक सापडत नाही, हीच खरी अडचण आहे. दूध, बदाम, तूप, मटण यांचे भाव वाचक जाणतात. घरचे चार-पाच एकर असतील तर एखाद्या पोराचा खुराक त्यातून निघतो, नसतील तर मैदानाच्या इनामातूनच निघतो. अंग मोडले तर दवाखाना घरचा. अनेक गावांत रिवाज असा की कुस्ती निकाली झाली तर जिंकणाऱ्यास सारे इनाम, आणि बरोबरी झाली तर निम्मे-निम्मे. म्हणजे जिवाची बाजी लावून जिंकण्याची जी किंमत, तिची अर्धी किंमत काहीही न करता हमखास मिळते. दोघांनाही. कोणता व्यापारी असा सौदा सोडील? दोष नियतीचा आहेच, पण त्याआधी तो इनामाच्या वाटणीचा आहे, आणि वाटणी ठरवतो आपण.

ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर गाजला, तो येथे सांगण्यासारखा आहे. त्या देशाचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. लांबट चेंडू, एका बाजूस अठरा खेळाडू, आणि मैदान क्रिकेटचेच. मेलबर्नच्या ज्या मैदानावर आपण क्रिकेट पाहतो तेथेच त्यांचा अंतिम सामना होतो. त्यांच्या लीगमध्ये १९८६ पासून नव्या मुलांची वाटणी ठरलेल्या क्रमाने होते. जो संघ सर्वांत खाली राहिला त्याने प्रथम निवड करायची, विजेत्याने शेवटी. हेतू नेक होता. दुबळ्यास हात द्यावा, सगळे संघ बरोबरीला यावेत. पुढे आणखी सवलत आली, की जो संघ फारच खाली राहील त्यास एक जादा निवड. मधल्या काळात नियम असा होता की लागोपाठ दोन हंगाम चारपेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत तर ही जादा निवड अगदी प्रारंभी मिळेल.

वाचकांनी स्वतःस त्या जागी कल्पून पाहावे. हंगाम संपत आला आहे, वर जाण्याची आशा उरलेली नाही, चार सामने जिंकून झाले आहेत. पाचवा जिंकला तर टाळ्या मिळतील आणि जादा निवड जाईल. हरलात तर देशातला सर्वांत चांगला पोरगा तुमचा. मेलबर्न नावाच्या जुन्या क्लबाने २००८ मध्ये तीन आणि २००९ मध्ये चार सामने जिंकले आणि त्या वर्षीच्या पहिल्या दोन्ही निवडी त्यास मिळाल्या. पुढे बोभाटा झाला, चौकशी झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्णय आला. क्लबाने मुद्दाम सामने गमावले असे सिद्ध झाले नाही, पण त्या काळच्या वागणुकीबद्दल क्लबास पाच लाख डॉलर दंड, आणि त्या वेळचा प्रशिक्षक व एक अधिकारी निलंबित. सामने मुद्दाम गमावले नाहीत आणि दंड मात्र पाच लाख! त्या निकालाची तिकडे पुष्कळ टिंगल झाली. कारण सोपे आहे. मैदानात उतरलेला खेळाडू जिवाच्या आकांताने खेळत असतोच. हरणे वर, कचेरीत ठरते. कोणास बसवायचे, कोणास अनोळखी जागी खेळवायचे, कोणाचा पाय दुखतो म्हणून घरी पाठवायचे. असे हरणे पंचास दिसत नाही आणि चौकशी समितीच्या हातीही लागत नाही. शेवटी तिकडे ती आपोआप मिळणारी जादा निवडच बंद करावी लागली.

आमच्या कापडधंद्यातील जुन्या मंडळींना हे ऐकून एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. १९८५ साली आजारी उद्योगांचा कायदा झाला आणि १९८७ पासून त्याचे मंडळ काम करू लागले. तोट्याने ज्या कंपनीचे भांडवल खाऊन टाकले ती आजारी, आणि आजारी ठरली की देणेकऱ्यांना तिच्या दारात वसुलीसाठी उभे राहता येईना. हेतू येथेही नेक. गिरण्या वाचाव्यात, कामगार वाचावा. काही खरोखरच वाचल्या असतील. पण असेही मालक निघाले की ज्यांना बरे होण्यापेक्षा आजारी राहणे परवडू लागले. आमच्या परिचयातील एका सूत व्यापाऱ्याचे पैसे अशाच एका गिरणीकडे अडकले. गिरणी आजारी, मालकाची मोटार नवी. तो बिचारा तारखा मोजत म्हातारा झाला. हा कायदा डिसेंबर २०१६ मध्ये रद्द होऊन त्याची जागा दिवाळखोरीच्या नव्या कायद्याने घेतली. जेथे हरणाऱ्यास बक्षीस आहे, तेथे हरणारे पैदा होतात, मग ती गिरणी असो, क्लब असो की आखाडा.

हे झाले मुद्दाम हरण्याविषयी. याच्याच जोडीचा दुसरा प्रश्न वाढीचा आहे : किती संघ, किती किताब, किती गदा?

महाराष्ट्र केसरीचा इतिहास वाचक जाणतात. मामासाहेब मोहोळांनी कुस्तीगीर परिषद उभी केली, १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. तेव्हापासून या किताबाचा दबदबा असा की गावात एखादा केसरी आला तर चहाच्या टपरीवर त्याच्याकडून कोणी पैसे घेत नसे. परिषदेची सूत्रे अनेक वर्षे बारामतीच्या शरद पवारांकडे होती. २०२२ साली भारतीय कुस्ती महासंघाने ही परिषद बरखास्त केली आणि राज्यात दुसरा कुस्तीगीर संघ उभा राहिला. परिषद न्यायालयात गेली. कायद्याने कोण खरा, यात आम्ही पडत नाही. आमचा मुद्दा बाजारातला आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये काय झाले पाहा. पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम कुस्तीत मोहोळच्या सिकंदर शेखने शिवराज राक्षेस हरविले. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि तेथे शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरास हरवून गदा घेतली. एकाच महिन्यात एकच पैलवान महाराष्ट्र केसरीत हरलेलाही आहे आणि महाराष्ट्र केसरीही आहे. यात त्या पैलवानाचा काडीचाही दोष नाही, त्याने दोन्हीकडे घाम गाळला. २०२५ मध्ये पुन्हा तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके. दोघेही महाराष्ट्र केसरी, दोघांचीही मिरवणूक, दोघांच्याही डोक्यावर फेटा. फेटे विकणाऱ्यास यात फायदाच आहे असे कोणी आम्हास हसत म्हणाले. फायदा दोन वर्षांचा आहे. ज्या दिवशी लोक म्हणतील की केसरी काय, दर महिन्याला एक होतो, त्या दिवसापासून फेट्याची मागणी कमी होणार.

आणि गोष्ट फक्त मानाची नाही. नरसिंग यादव याने २०११ ते २०१३ आणि विजय चौधरी याने २०१४ ते २०१६ अशी लागोपाठ तीन-तीन वेळा ही गदा जिंकली, आणि दोघांनाही पोलिस उपअधीक्षकाचे पद मिळाले. ज्या घरात जमीन नाही, भांडवल नाही, शिफारस नाही, त्या घरातल्या पोरासाठी ही गदा म्हणजे उपअधीक्षकाच्या खुर्चीपर्यंत जाणारा रस्ता होता. आपल्या समाजातील किती पोरे तालमीत आहेत हे वाचकांना माहीत आहे. हमाल, खाटीक, पिंजारी, बागवान अशा घरांतून ती येतात. उद्या सरकारी साहेबाने फाइल उघडून विचारले की यंदाच्या दोघांतला खरा केसरी कोणता, तर हा पोरगा कोणते प्रमाणपत्र दाखवील? दोन गदांतून दोन नोकऱ्या होतील असे ज्यांना वाटते त्यांनी सरकारी कारभार पाहिलेला नाही. तेथे दोन दाखले समोर आले की दोन्हींवर शेरा पडतो.

सोलापुरी चादरीचे उदाहरण आमच्या धंद्यातले आहे. नाव नोंदलेले आहे, कायद्याचे संरक्षण आहे, तरीही बाहेरून येणारी स्वस्त चादर त्याच नावाने गाडीवर विकली जाते. गिऱ्हाईक एकदा फसते. दुसऱ्यांदा ते सोलापूरची अस्सल चादरसुद्धा हातात घेऊन म्हणते की राहू द्या, सगळ्या सारख्याच. नुकसान नकली माल विणणाऱ्याचे होत नाही. ते सोलापूरच्या विणकराचे होते, ज्याने सूत पूर्ण वापरले.

आता याविरुद्ध बाजू मांडणारे म्हणतात की दोन स्पर्धा झाल्या तर दुप्पट पोरांना संधी मिळते, वाढ झालीच पाहिजे, जुन्या लोकांना नवे काही सोसत नाही. आम्ही वाढीच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. कबड्डीची लीग २०१४ मध्ये आठ संघांनी सुरू झाली आणि २०१७ मध्ये बारा झाले. त्या वेळीही पुष्कळांनी नाके मुरडली होती. पण खेडोपाडी खेळाडू तयार होते, त्यांना कोणी विचारत नव्हते, म्हणून चार संघ वाढले आणि ते भरलेही. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने अजिंक्यपद जिंकले तेव्हा कर्णधार आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता. २०२३ मध्ये सांगलीला महिलांची महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली विजेती ठरली. ही खरी वाढ. ज्यांना आखाड्याचे दार बंद होते त्यांना ते उघडले. कबड्डीत संघ बारा झाले, पण गुणांचा तक्ता एक राहिला आणि अजिंक्य एकच ठरतो. कुस्तीत मल्ल तेच, वजनगट तेच, आणि शिक्का मारणारे दोन. याला वाढ म्हणत नाहीत; घरात भावाभावांची फाळणी झाली की दोन चुली होतात, म्हणून कोणी घरात धान्य वाढले असे म्हणत नाही.

घाईने केलेल्या वाढीचे काय होते याचा धडा पुण्याने क्रिकेटमध्येही दोनदा घेतला आहे. आयपीएल २००८ मध्ये आठ संघांनी सुरू झाली, शरद पवार क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष असताना. मार्च २०१० मध्ये दोन नवे संघ विकले गेले. पुण्याचा संघ सहाराने सदतीस कोटी डॉलरला, म्हणजे सुमारे १,७०० कोटी रुपयांना घेतला. कोचीचा तेहेतीस कोटी डॉलरच्या वर गेला. कोची एक हंगाम खेळून बँक हमीच्या वादात गुंडाळले गेले. पुणे वॉरियर्स २०११ मध्ये दहांत नववे, २०१२ मध्ये नवांत नववे, २०१३ मध्ये नवांत आठवे, आणि मग तेही गेले. सहाराची तक्रार अशी होती की बोली लावताना चौऱ्याण्णव सामन्यांचा हिशेब होता आणि प्रत्यक्षात चौऱ्याहत्तरच मिळाले. कापडवाल्याच्या भाषेत सांगायचे तर थानाचा भाव चौऱ्याण्णव मीटरचा आणि मोजून दिले चौऱ्याहत्तर. मंडळाची बाजू वेगळी असेल. पण त्या नावाचे टी-शर्ट भरून ठेवलेल्या आमच्या ओळखीच्या एका दुकानदारास ना सहारा भेटले ना मंडळ.

दुसरी खेप २०१५ च्या डिसेंबरातली. चेन्नई आणि राजस्थान सट्टेबाजीच्या प्रकरणात दोन वर्षांसाठी निलंबित झाले, त्यांच्या जागी दोन तात्पुरते संघ हवे होते. या वेळी बोली उलटी होती : मंडळाकडून कोण कमीत कमी पैसे मागतो ते पाहायचे. गोएंका समूहाने पुण्यासाठी उणे सोळा कोटीची बोली लावली, म्हणजे आम्ही काही मागत नाही, उलट वर्षाला सोळा कोटी आम्हीच देतो! २०१६ मध्ये मराठवाडा पाण्यावाचून तडफडत होता, लातूरला रेल्वेने पाणी जात होते, आमच्या इंदापूरच्या कोरड्या गावांत टँकरची वाट पाहत बाया उभ्या होत्या. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत. गहुंजेच्या मैदानावरचे गवत भिजवायचे की माणसाने प्यायचे, असा तो प्रश्न होता, आणि न्यायालयाने योग्य केले असे आमचे मत त्या वेळीही होते. पुण्याचा संघ उरलेले घरचे सामने खेळायला विशाखापट्टणमला गेला. पुढल्या वर्षी हाच संघ अंतिम सामन्यात मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला आणि मुदत संपली म्हणून नाहीसा झाला. त्याच गोएंका समूहाने २०२१ मध्ये लखनौचा कायमचा संघ ७,०९० कोटींना घेतला. उणे सोळा आणि सात हजार नव्वद. व्यापाऱ्याने हे दोन आकडे शेजारी लिहून पाहावेत. पुण्यात त्याने धंदा शिकून घेतला आणि दुकान लखनौला मांडले.

ऑस्ट्रेलियात वाढीचा वाद अजून चालू आहे. मेलबर्नच्या आसपासच्या क्लबांची ती लीग पसरत पसरत १९९० पासून नावानेही सगळ्या देशाची झाली. २०११ मध्ये गोल्ड कोस्ट आणि २०१२ मध्ये पश्चिम सिडनी असे दोन नवे संघ घेऊन अठरा झाले. नव्या संघांना बाळसे धरावे म्हणून तरुण खेळाडू मिळविण्याच्या भरघोस सवलती दिल्या गेल्या. गंमत पाहा. ज्या २००९ च्या हंगामावरून मेलबर्न क्लबाची पुढे अब्रू गेली, त्या वर्षी पहिल्या निवडीत मिळालेला टॉम स्कली हा पोरगा दोनच वर्षांत उठून या नव्या सिडनीच्या संघात गेला. आता टास्मानिया बेटास २०२३ मध्ये एकोणिसावा परवाना मिळाला असून २०२८ पासून त्यांनी खेळावे असे ठरले आहे. त्या बेटाने देशास पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पुरविले, स्वतःचा संघ मात्र नव्हता; त्यांची मागणी न्याय्य आहे असे आम्हास वाटते. पण अट घातली ती नव्या छताच्या स्टेडियमची, आणि त्याच्या खर्चावरून तिथले राजकारण ढवळून निघाले. खेळाडू बेटाचा, कर बेटाच्या लोकांचा, आणि अट घालणारी कचेरी मेलबर्नला. आपल्या तालुक्यांतल्या माणसास हे ऐकून नवल वाटू नये.

आता आपल्या हातात काय आहे ते बोलू. दोन कुस्ती संघटना एक व्हाव्यात हे आपल्या पावतीपुस्तकाने होणार नाही. मात्र तूर्त इतके तरी व्हावे की दोन्हीकडच्या विजेत्यांची एक कुस्ती ठरवावी, पंच दोन्हीकडचे असावेत, आणि जो जिंकेल त्याचेच नाव त्या वर्षापुढे लिहावे. गदा हव्या तर दोन ठेवा. ही मागणी बारामतीतून जावी, कारण परिषदेचा कारभार इतकी वर्षे ज्या नावाने चालला ते नाव बारामतीचे आहे, आणि येथील व्यापाऱ्यांना त्या दाराशी जाणे इतरांपेक्षा सोपे आहे.

गावच्या मैदानाचे मात्र आपल्या हातात आहे. येत्या हंगामात कमिटी दुकानी आली की पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात असे आमचे व्यापारी बंधूंना सांगणे आहे. बरोबरी झाली तर निम्मे-निम्मे हा रिवाज मोडून बरोबरीला इनामाचा चौथा हिस्सा द्यावा, तोही दोघांत मिळून, आणि उरलेली रक्कम त्याच मैदानात लहान गटातल्या निकाली कुस्त्यांवर वाटून टाकावी. ती कमिटीकडे शिल्लक राहता कामा नये, नाहीतर कमिटीलाच बरोबरी परवडू लागेल. दुसरे, जमलेल्या वर्गणीतून काही रक्कम आधीच बाजूला काढून जखमी पैलवानाच्या दवाखान्यासाठी ठेवावी. आमच्या दुकानी आलेल्या त्या पोराचा अर्धा हिशेब या एका गोष्टीने बदलतो. तिसरे, जोड ठरविताना तालुक्यातले दोन वृद्ध वस्ताद बसवावेत. आजकाल वरच्या नंबरच्या कुस्त्या मध्यस्थ फोनवर ठरवतात, आणि जेथे दोन्ही पैलवानांचा मध्यस्थ एकच, तेथे निकाल काय लागणार हे हलगीवालाही सांगेल.

काही कमिट्या म्हणतील की असे नियम घातले तर मोठे पैलवान येणार नाहीत. न येवोत. रेवड्यांवर लागलेल्या कुस्त्या पाहायला बाया-पोरे कडेने दाटी करून उभी राहतात, कारण त्या दहा वर्षांच्या पोराला बरोबरी म्हणजे काय हे अजून कोणी शिकविलेले नाही. दोन नंबरच्या नामवंत जोडाचे पैसे वाचले तर त्यात अशा पन्नास कुस्त्या लागतील. आमच्या दुकानाची यंदाची पावती आम्ही याच अटीवर फाडणार आहोत. बाजारातील आणखी आठ-दहा दुकानदारांनी तशी तयारी दाखविली आहे, आणि आमच्या शेजारच्या बागवानांनी तर बरोबरी न करणाऱ्या प्रत्येक पोरास पेटीभर डाळिंबे कबूल केली आहेत.